गुरांच्या पोटांतील तार व हृदयाचा विकार

गोठ्यांतील जनावर आजारी पडलें म्हणजे आपण प्रथम त्याच्या पोटाकडे पाहतों, मग पायांकडे, मग कासेकडे. हृदयाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. हृदयविकार हा माणसांचा, आणि तोही शहरांतील माणसांचा रोग, अशी आपली समजूत असते. परंतु गाई-म्हशींचें हृदयही दुबळें होतें, त्यांचाही रक्तप्रवाह मंदावतो, आणि भर दुधांत असलेली जातिवंत गाय पंधरा-वीस दिवसांत हातची जाते. अशा वेळीं 'कांहीं बाहेरचें झालें' किंवा 'नजर लागली' असें म्हणून घरचीं माणसें गप्प बसतात. या लेखांत एकच गोष्ट मुख्यत्वें सांगावयाची आहे, ती आरंभींच सांगून टाकतों. गुरांच्या हृदयाचा जो विकार शेतकऱ्याच्या हातून टळण्याजोगा आहे, तो छातींत सुरू होत नाहीं. तो गव्हाणींत सुरू होतो. तो पोटांत आहे तोंवर त्यावर खात्रीचे उपाय आहेत. तो हृदयाला जाऊन भिडला कीं पुढचे सर्व उपाय केवळ प्रयोग ठरतात.

महाळुंगे पडवळ हें आंबेगाव तालुक्यांतील हुतात्मा बाबू गेनू यांचें गांव. या गांवाच्या आसपासच्या पट्ट्यांत, म्हणजे मंचर, घोडेगाव, कळंब, व पलीकडे जुन्नर तालुक्यांत नारायणगाव या बाजूस, गेल्या कांहीं दशकांत शेतीचें रूप पालटलें आहे. घोड नदीवरील डिंभे धरणामुळें बागायत वाढली. टोमॅटो, बटाटा, कांदा, द्राक्ष हीं पिकें आलीं. आणि संकरित गाईंमुळें दुधाचा धंदा घरोघर झाला. या दोन्ही गोष्टी चांगल्याच होत. परंतु टोमॅटोच्या व द्राक्षाच्या मांडवाला तार लागते, आणि गाईला वैरण लागते. मांडव मोडतांना तारेचे जे तुकडे बांधावर पडतात, ते बांधावरच्या गवताबरोबर गव्हाणींत येतात. पूर्वींच्या गोठ्यांत ही भीति फार थोडी होती. आजच्या गोठ्यांत ती रोजची आहे.

हृदयाचें काम

पांचशे किलो वजनाच्या गाईचें हृदय सुमारें दोन ते अडीच किलो भरतें. तें डाव्या कोपराच्या आंत, छातीच्या तळाशीं असतें. त्याभोंवतीं एक पातळ पण चिवट पिशवी असते; तिला हृदयावरण म्हणतात. शरीरांतून परत आलेलें काळसर रक्त हृदयाच्या उजव्या भागांत येतें, तेथून फुप्फुसांत जाऊन शुद्ध होतें, व डाव्या भागांतून पुन्हां सर्व अंगास पोंचतें. निरोगी मोठ्या गाईचें हृदय एका मिनिटांत साधारण साठ ते ऐंशी ठोके देतें.

या कामाची थोरवी दुधावरून कळते. कासेंत एक लिटर दूध तयार होण्यास सुमारें ४०० ते ५०० लिटर रक्त कासेंतून वाहावें लागतें. पंधरा लिटर दूध देणाऱ्या गाईच्या हृदयावर केवढा भार असेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा. म्हणूनच हृदय थोडें दुखावलें कीं सर्वांत आधीं दूध तुटतें.

रक्त किती जोरानें वाहतें हें प्रथम मोजलें गेलें तें जनावरावरच. स्टीफन हेल्स नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें एका घोडीच्या मांडीच्या धमनींत पितळी नळी घालून तिला उभी कांचेची नळी जोडली. तेव्हां रक्त आठ फूट तीन इंच उंच चढलें. हा प्रयोग त्यानें १७३३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. हृदय रक्ताला केवढ्या बळानें ढकलतें याची कल्पना त्यावरून येते. आतां हेंच हृदय चारी बाजूंनीं आवळलें गेलें तर काय होईल, हें पुढें पाहूं.

तार हृदयापर्यंत कशी पोंचते

शेळी पानें निवडून खाते. गाय तसें करीत नाहीं. ती जिभेनें वैरणीचा घास ओढून घेते, थोडा चावते, व गिळते; सावकाश चावण्याचें काम ती मागाहून रवंथाच्या वेळीं करते. तिच्या जिभेवरचे कांटे मागच्या बाजूस वळलेले असतात, त्यामुळें एकदां तोंडांत गेलेला तारेचा तुकडा तिला सहसा बाहेर टाकतां येत नाहीं. म्हैसही याच स्वभावाची.

गिळलेला खिळा किंवा तार जड असल्यामुळें गाईच्या चार पोटांपैकीं दुसऱ्या, म्हणजे जाळीपोटांत जाऊन पडते. या पोटाच्या आंतील बाजूस मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी कप्पे असतात. तारेचें टोंक त्या कप्प्यांत अडकतें. हें पोट साधारणपणें मिनिटास एकदां जोरानें आंखडतें. प्रत्येक आंखडण्याबरोबर टोंक थोडें थोडें पुढें रुतत जातें.

जाळीपोटाच्या पुढें काय आहे? छाती व पोट यांमधील एक मांसल पडदा, आणि त्याच्या पलीकडे लागलेंच हृदय. मध्यें वीतभरसुद्धां अंतर नाहीं. एखादी बोटभर लांबीची तार, गंजलेली सुई, दाभणाचें मोडकें टोंक किंवा जुन्या टायरमधून निघालेली बारीक पोलादी तार पडदा भेदून हृदयावरणांत शिरते. तिच्याबरोबर पोटांतील घाण व पू करणारे जंतु शिरतात. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत वासराचा भार पुढें येतो, आणि वितांना गाय कळा देते. त्या वेळीं तार पुढें सरकण्याचा धोका विशेष असतो. 'व्यायल्यावर गाय बसलीच' असें आपण म्हणतों, त्यांतील कांहीं गाईंच्या पोटांत हें कारण दडलेलें असतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पोटांत लोखंड असणें म्हणजेच आजार असणें नव्हे. पुष्कळ जनावरांच्या पोटांत खिळे, नटबोल्ट वर्षानुवर्षें निरुपद्रवी पडून असतात. धोका असतो तो टोंकदार व लांब वस्तूचा.

पहिल्या तीन दिवसांचीं लक्षणें

समजा, काल संध्याकाळीं बारा लिटर दूध देणारी गाय आज सकाळीं पांच लिटरवर आली. वैरण हुंगून सोडते. रवंथ थांबला आहे. पाठ कमानीसारखी वर काढून उभी आहे, पुढच्या पायांचीं कोपरें छातीपासून बाहेर काढलीं आहेत, बसतांना व उठतांना कण्हते, मध्येंच दांत खाते. उतारावरून खालीं जावयास तयार नाहीं, चढ मात्र चढते. कारण उतारावर पोटाचा भार पुढें येऊन टोंक अधिक टोंचतें. शेण थोडें व घट्ट पडतें. पोट फुगतें, उतरतें, पुन्हां फुगतें. अंगांत थोडा ताप असतो.

यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या कीं तारेचा संशय धरावा. संशय पडताळण्याच्या दोन साध्या रीती आहेत. पहिली रीत अशी कीं, खांद्याच्या उंचवट्यामागें पाठीची कातडी दोन्ही हातांनीं घट्ट चिमटीत धरून दाबावी. निरोगी गाय पाठ खालीं वाकविते. जिला आंत टोंचतें ती पाठ वाकवीत नाहीं, किंवा वाकवितांना कण्हते. दुसरी रीत अशी कीं, पुढच्या पायांच्या लगेच मागें छातीखालून एक गुळगुळीत दांडा आडवा घालून दोघांनीं दोहों बाजूंनीं तो हळूच उचलावा व एकदम सैल सोडावा. तिसऱ्यानें गाईच्या गळ्याजवळ कान देऊन कण्हणें ऐकावें. दांडा जोरानें उचलूं नये; आपल्याला खूण पाहिजे आहे, इजा करावयाची नाहीं. या परीक्षा निर्दोष नाहींत. कण्हणें ऐकूं आलें नाहीं म्हणून तार नाहीं असें ठरत नाहीं. परंतु ऐकूं आलें तर त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें.

आपल्याकडे होणारी मोठी चूक अशी कीं, गाय खाईना म्हणजे प्रथम पाचक चूर्ण, मग गोडेंतेल, मग ओळखीच्या माणसाकडून वेदना थांबविण्याची सुई. सुईनें गाय दोन दिवस बरी दिसते. ती वैरण खाते, दूधही थोडें वाढतें. घरांत समाधान होतें. आंत तार चालतच असते. वेदना ही पहारेकऱ्याची हांक आहे. पहारेकऱ्याचें तोंड दाबल्यानें चोर जात नाहीं. वेदनाशामक औषध द्यावयाचें तें रोग ओळखल्यावर, पशुवैद्याच्या सांगण्यानेंच द्यावें. डायक्लोफिनॅक हें औषध तर गुरांना देण्यास भारतांत २००६ सालापासून बंदी आहे. कारण तें दिलेलें जनावर मेल्यावर त्याचें मांस खाणारीं गिधाडें मूत्रपिंड निकामी होऊन मरतात.

वेळेवर केलेले उपाय

तार अजून पोटांतच आहे अशा वेळीं पशुवैद्य दोन मार्गांनीं जातात.

पहिला मार्ग चुंबकाचा. बोटाएवढा, गुळगुळीत व गोल कडांचा, न गंजणारा कायम चुंबक गाईला तोंडावाटे देतात. तो जड असल्यानें जाळीपोटांतच जाऊन राहतो, व तारेला मागें ओढून आपल्या अंगाला चिकटवून घेतो. बरोबरच जंतुनाशक औषध कांहीं दिवस चालू ठेवतात, व गाईला पुढचे पाय मागच्यापेक्षां वीतभर उंच राहतील अशा ओट्यावर बांधून ठेवतात. त्यामुळें पोटाचा भार मागें जातो, टोंक पुढें सरकत नाहीं, व झालेली जखम भरून येण्यास वाव मिळतो. औषध चालू असतांना व त्यानंतर पशुवैद्य सांगतील तितके दिवस दूध डेअरींत घालूं नये.

दोन-तीन दिवसांत गुण आला नाहीं तर दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. गाईला उभीच ठेवून डाव्या कुशीची जागा सुईनें बधिर करतात, तेथें छेद घेऊन मोठें पोट उघडतात, व हात आंत घालून जाळीपोटाच्या कप्प्यांतून तार चांचपून बाहेर काढतात. ऐकावयास ही गोष्ट भयंकर वाटते; परंतु पशुवैद्यांच्या हातची ही नेहमींची शस्त्रक्रिया होय, आणि वेळेवर केली तर बहुतेक गाई पुन्हां दुधावर येतात. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथें १९८८ सालीं दुसरें निघालें. पुण्याकडील शेतकऱ्यास शिरवळ फार दूर नाहीं. तालुक्याच्या पशुवैद्यानें मोठ्या दवाखान्यांत नेण्यास सांगितलें तर 'उद्यां पाहूं' म्हणूं नये.

तार हृदयाला लागल्यावर

आतां दुसरी बाजू पाहूं. तीन दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस निघून गेले. तार पडदा भेदून हृदयावरणांत शिरली. प्रथम तेथें सूज येते, आणि कान लावला असतां कातडें कातड्यावर घांसल्यासारखा आवाज येतो. मग पिशवींत पाणी व पू साठूं लागतो. ठोके दूरवरून आल्यासारखे, जणूं रजईखालून, ऐकूं येतात. पुढें जंतूंमुळें आंत वायु धरला म्हणजे अर्ध्या भरलेल्या घागरींत पाणी हिंदकळावें तसा खळखळाट ऐकूं येतो. हा खळखळाट ज्या पशुवैद्यानें एकदां ऐकला तो तो विसरत नाहीं.

पिशवी कित्येक लिटर द्रवानें भरली कीं हृदयाला फुलावयास जागाच उरत नाहीं. हृदयाचें बळ गेलेलें नसतें. त्याला रक्त आंत घेतां येत नाहीं. मग परत येणारें रक्त वाटेंतच तुंबतें. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरासारख्या टरारून उभ्या राहतात. गळ्याखालची पोळी, दोन पुढच्या पायांमधील छाती व जबड्याखालचा भाग सुजतो. बोटानें दाबलें तर खळगा पडून राहतो. ठोके मिनिटास शंभराच्या वर जातात. कान व पाय थंड लागतात. गाय मान लांब करून उभी राहते व धापा टाकते.

शेतकऱ्यानें शिरेची परीक्षा स्वतः करून पाहावी. गाईचें डोकें सरळ धरून मानेच्या पन्हळींत मधोमध अंगठ्यानें शीर दाबावी. निरोगी गाईंत अंगठ्याच्या वरची शीर फुगते, व खालची रिकामी होऊन मिटते. कारण खालचें रक्त हृदय ओढून घेतें. अंगठ्याखालचा भागही जर भरलेलाच राहिला, तर हृदय रक्त घेत नाहीं असें समजावें. ही खूण दिसणें म्हणजे आपण पैलतीरावर आलों असें होय.

औषधें व प्रयोग

या अवस्थेंत काय करतां येतें? पशुवैद्यकानें प्रयत्न सोडलेले नाहींत. ते प्रामाणिकपणें सांगितले पाहिजेत.

डाव्या बाजूच्या पांचव्या व सहाव्या बरगडीच्या दरम्यान जाड सुई घालून हृदयावरणांतील पू काढतात. त्यानें हृदयाला क्षणभर मोकळीक मिळते, व गाय हुशारते. परंतु पू घट्ट असतो, त्यांत चोथ्यासारख्या गांठी असतात, सुई तुंबते, आणि काढलेला द्रव पुन्हां भरतो. याहून धाडसाची रीत म्हणजे पांचवी बरगडी कांहीं भाग कापून काढणें, हृदयावरण उघडणें, पू धुऊन तार शोधणें, व पिशवीची कड कातडीला शिवून निचरा चालूं ठेवणें. निवडक जनावरांत, रोग फार जुना नसतांना, ही रीत साधल्याचीं उदाहरणें आहेत. पुष्कळ जनावरें मात्र शस्त्रक्रियेनंतरही दगावतात. मौल्यवान गाय निदान वीत होईपर्यंत तगावी एवढ्याच हेतूनेंही हा प्रयोग कधींकधीं करतात.

सूज उतरविण्यासाठीं लघवी वाढविणारें फ्युरोसेमाइड हें औषध आहे. दुबळ्या हृदयाच्या इतर विकारांत तें उपयोगी पडतें. परंतु हृदय बाहेरून आवळलेलें असतां त्याच्या वांट्याला येणारें रक्त आधींच थोडें. तें औषधानें आणखी कमी केलें तर रक्तप्रवाह अधिकच खालावूं शकतो. सूज दिसली कीं लघवीचें औषध, हा आडाखा येथें धोक्याचा आहे.

डिजिटॅलिस या वनस्पतीचा हृदयावरील गुण विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्यानें १७८५ सालीं ग्रंथ लिहून जगापुढें मांडला. त्याच जातीचें डिगॉक्सिन हें औषध माणसांना व कुत्र्यांना तोंडावाटे देतात. गाईला तें तोंडावाटे देऊन उपयोग नाहीं, कारण तिच्या मोठ्या पोटांतील जंतु औषधाचा नाश करतात. तें शिरेंतूनच द्यावें लागतें, आणि गुणाची मात्रा व विषाची मात्रा यांत फारच थोडें अंतर असतें. याच जातीचें द्रव्य आपल्या अंगणांतील कण्हेरींत व पिवळ्या कण्हेरींत असतें. कण्हेरीच्या छाटणीच्या फांद्या उकिरड्यावर टाकल्या व गुरांनीं खाल्ल्या तर ठोके बिघडून जनावर अचानक मरतें. वाळलेलें पानही तितकेंच विषारी असतें. औषध म्हणून कोणीं कण्हेरीचा काढा सुचविला तर तो मुळींच देऊं नये.

येथें एक विचार मनांत येतो. हृदयाविषयींच्या माणसाच्या ज्ञानाचा मोठा भाग जनावरांकडून आलेला आहे. १९८२ सालीं अमेरिकेंत सॉल्ट लेक सिटी येथें बार्नी क्लार्क या माणसाच्या छातींत कृत्रिम हृदय बसविलें, व तो ११२ दिवस जगला. त्यापूर्वीं तें यंत्र वासरांच्या छातींत बसवून पाहिलें होतें. माणसाच्या हृदयांतील झडप निकामी झाली तर गोवंशाच्या हृदयावरणाच्या पटलापासून केलेली झडप आज बसवितात. पाळीव कुत्र्यांसाठीं पिमोबेंडान हें औषध निघालें आहे. झडप गळूं लागून हृदय वाढलेल्या कुत्र्यांत तें आधींपासून दिलें असतां हृदय थकण्याचा काळ लांबतो, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेंत दिसून आलें. ज्या गाईच्या हृदयावरणानें माणूस वांचतो, त्या गाईचें स्वतःचें हृदयावरण पुवानें भरलें तर मात्र तिच्यासाठीं अजून खात्रीचा उपाय नाहीं. म्हणूनच प्रतिबंधाचें महत्त्व तिच्या बाबतींत शतपट अधिक.

सर्व सूज हृदयाची नव्हे

जबड्याखाली सूज दिसली कीं तारच असेल असेंही धरून बसूं नये. पाणथळ जागीं चरणाऱ्या जनावरांच्या यकृतांत पानासारखे चपटे कृमि होतात. त्यांनीं रक्त कमी होऊन जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. गोचीडतापानें संकरित गाईंचें रक्त झपाट्यानें आटतें, आणि थोडें रक्त जास्त वेळां फिरवितांना हृदय धडधडतें. या दोहोंत डोळ्याची आंतली बाजू फिकी पडलेली असते, परंतु मानेची शीर सहसा टरारलेली नसते. तारेच्या आजारांत शीर फुगलेली असते. हा भेद शेतकऱ्यास सहज दिसण्याजोगा आहे. कृमि व गोचीडताप यांवर औषधें आहेत, व वेळेवर दिलीं तर चांगला गुण येतो.

वासरांच्या हृदयाचा वैरी म्हणजे लाळ्या-खुरकूत. मोठ्या जनावरांत तो तोंडाला व खुरांना होतो. तान्ह्या वासरांत त्याचे विषाणु हृदयाच्या मांसांतच शिरतात, व तोंडांत एक फोड न येतां वासरूं उभ्या जागीं मरतें. तें हृदय कापून पाहिलें तर त्यावर वाघाच्या कातड्यासारखे पिवळट पट्टे दिसतात. यावर औषध नाहीं, लस आहे. २०१९ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या जनावरांच्या रोगनियंत्रणाच्या कार्यक्रमांत ही लस सरकारतर्फें देण्याची योजना झाली. दर सहा महिन्यांनीं लस टोंचणारे आले असतां जनावर रानांत नेऊन बांधणें म्हणजे वासराच्या हृदयाशीं वैर करणें होय.

शर्यतीच्या बैलांविषयीं दोन शब्द

आंबेगाव, जुन्नर व खेड या तालुक्यांत बैलगाड्यांचा नाद जुना आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्यें महाराष्ट्रांत पुन्हां परवानगी दिली, व मे २०२३ मध्यें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. घाटांत धांवणाऱ्या बैलाचें हृदय थोड्या क्षणांत सर्व बळ एकवटतें. लाळ्या-खुरकुतांतून नुकताच उठलेला, उन्हांत फार धापा टाकणारा, गोचीडतापानें रक्त कमी झालेला किंवा चार दिवस कमी खाणारा बैल घाटांत उतरवूं नये. त्याच्या अंगावरची चकाकी पाहून हृदयाची परीक्षा होत नाहीं. शर्यतीपूर्वींची पशुवैद्याची तपासणी हा केवळ एक कागद आहे असें समजूं नये. ठोके मोजून घ्यावे. बैलाचे ठोके शेपटीच्या खालच्या बाजूस, मुळापासून चार बोटें अंतरावर, बोटांनीं चांचपून मालकालाही मोजतां येतात. सकाळीं विश्रांतीच्या वेळीं आठवड्यांतून एकदां ते मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्याची संवय करावी.

गोठ्यांत पाळावयाचे नियम

१. टोमॅटोचा किंवा द्राक्षाचा मांडव मोडतांना कापलेली प्रत्येक तार त्याच वेळीं पिंपांत टाकावी. मजुरांस तसें बजावून सांगावें, व काम संपल्यावर बांधावरून स्वतः एक फेरी मारावी. त्या बांधाचें गवत कापण्यापूर्वीं पुन्हां एकदां पाहावें.

२. गोठ्याचें छप्पर, कुंपण किंवा घराचें बांधकाम चालूं असतांना वैरणीचा ढीग तेथून दूर ठेवावा. बांधणीच्या तारेचे तुकडे व खिळे यांपासून फार जनावरें जातात.

३. फुटलेल्या टायरची गव्हाण करूं नये. त्याच्या कडेंतून पोलादी तारा सुटतात.

४. कडबाकुट्टी यंत्राच्या तोंडाशीं चुंबकाची पट्टी बसवावी व ती दर आठवड्यास पुसून पाहावी. तिच्यावर चिकटलेल्या वस्तु मुलांना दाखवाव्या. शंभर व्याख्यानांचें काम त्या करतील. यंत्रांत गेलेली तार कापली जाऊन तिचीं दोन टोंकें होतात, हें विसरूं नये.

५. पेंडीचें पोतें शिवण्याची सुई व दाभण यांची जागा ठरवावी. सुई मोडली तर तिचे दोन्ही तुकडे सांपडेपर्यंत गव्हाण भरूं नये.

६. कालवड वर्षाची झाली कीं, निदान पहिल्या वेताआधीं, पशुवैद्याकडून चुंबक देऊन घ्यावा. तो जन्मभर पोटांत राहतो. पुन्हां द्यावा लागत नाहीं. विकत घेतलेल्या गाईच्या पोटांत चुंबक आहे कीं नाहीं हें पाहण्यास साधें होकायंत्र डाव्या कोपरामागें छातीच्या तळाशीं धरावें. कांटा फिरला तर चुंबक आहे. चुंबक लोखंड धरतो. तांबें, अॅल्युमिनियम व प्लॅस्टिक धरीत नाहीं. म्हणून चुंबक दिला तरी गव्हाण झाडणें सुटत नाहीं.

७. दूध एकाएकीं तुटलें, पाठ वर आली व कण्हणें ऐकूं आलें, कीं तीन दिवस वाट पाहूं नये. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीं १९६२ हा दूरध्वनि क्रमांक आहे. गाय पुढून उंच जागीं बांधून ठेवावी, तिला पळवूं नये, उतारावरून नेऊं नये.

शेवटीं एक कठीण वाटणारी गोष्ट सांगतों. इतकें करूनही एखादी गाय गेलीच, तर तिला पुरण्यापूर्वीं पशुवैद्याकडून शवपरीक्षा करवून घ्यावी. घरच्या माणसांस तें निष्ठुर वाटेल. ज्या गाईच्या दुधावर मुलांचीं पुस्तकें आलीं, तिचें पोट फाडावयाचें कसें, असें घरची माउली म्हणेल. परंतु हृदयावरणांतून निघालेली ती तीन इंच तार हातांत घेऊन पाहिली, म्हणजे ती कोणत्या मांडवाची, कोणत्या कुंपणाची, कोणीं कधीं कापून टाकली, हें बहुधा त्याच वेळीं ओळखूं येतें. तीच तार बाकीच्या चार गाईंच्या गव्हाणींतही पडलेली असूं शकते. गेलेली गाय आपल्याला जें शेवटचें दान देते तें हेंच; तें न घेतां माती लोटली, तर तिचें मरण वायां गेलें.

या अंकाचा वाचक हा लेख संपवून उठेल तेव्हां त्यानें एवढेंच करावें: कंदील किंवा विजेची बत्ती घेऊन आजच गोठ्यांत जावें, गव्हाणीचा तळ हातानें चांचपावा, व जें लोखंड सांपडेल तें बाहेर काढावें. हृदयाचे उपाय वैद्यांनीं शोधावे, व ते शोधीतही आहेत. तार उचलण्याचें काम मात्र आपलें आहे.